राष्ट्रांच्या सुखाचें माप

श्रोतेहो, दरवर्षीं मार्च महिन्याच्या विसाव्या तारखेच्या सुमारास जगांतील देशांची एक यादी प्रसिद्ध होते. तिच्यांतील क्रम धनाचा, सैन्याचा किंवा लोकसंख्येचा नसून सुखाचा असतो. २०१८ पासून २०२५ पर्यंत सलग आठ वर्षें ह्या यादीच्या शिरोभागीं फिनलंडचें नांव आलें. २०२५ च्या यादींत १४७ देशांमध्यें भारताचा क्रमांक ११८ वा होता आणि पाकिस्तानचा १०९ वा. यादी आली कीं घरोघरीं दोन प्रकारचे उद्गार ऐकूं येतात. कोणी म्हणतात, आपल्या देशाची खरी दशा हीच. कोणी म्हणतात, सुख ही काय तागडींत घालून तोलण्याची वस्तु आहे ? दोन्ही पक्ष यादीकडे पाहतात. ती ज्या प्रश्नापासून निघाली त्या प्रश्नाकडे मात्र क्वचितच कोणी वळून पाहतो. तो प्रश्न कोठून आला, त्याच्या आधीं कोणते प्रयत्न होऊन गेले, आणि त्याच्या उत्तरांत काय सांपडतें व काय निसटतें, ह्याचा थोडासा इतिहास आज आपणांसमोर ठेवावयाचा आहे.

सुखाला माप लावण्याची हौस नवी नव्हे. तुकोबांनीं सुखाला धान्याच्या दाण्याचें आणि दुःखाला पर्वताचें माप लावलें, आणि तें ऐकणाऱ्याला तेव्हांच पटलें. पण त्या मापानें दोन माणसांची किंवा दोन देशांची तुलना करावी, असें तुकोबांच्या मनांत नव्हतें. तुलनेसाठीं, आणि तीहि कायदे करणाऱ्याच्या उपयोगासाठीं, सुखाचें गणित मांडलें तें जेरेमी बेंथॅम ह्या इंग्रज पंडितानें. नीति व कायदा ह्यांवरील त्याचा ग्रंथ १७८९ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत त्यानें सुख मोजतांना पाहावयाच्या सात गोष्टी सांगितल्या : तें किती तीव्र आहे, किती वेळ टिकतें, किती खात्रीचें आहे, किती जवळ आलेलें आहे, त्यापासून आणखी सुख निपजतें कीं नाहीं, त्यांत दुःखाची भेसळ किती, आणि तें किती लोकांना पोंचतें. ज्या राज्यव्यवस्थेंत पुष्कळांना पुष्कळ सुख होईल ती चांगली, हें त्याचें सूत्र. प्रत्येक मनुष्य एकच धरावा, राजा असो वा भिकारी, हें त्या गणिताचें गृहीत. मात्र ज्या परिमाणानें मोजावयाचें तें परिमाण कोणतें, हें त्यानें शेवटपर्यंत दिलें नाहीं. शेर नाहीं, पायली नाहीं, आणि धान्य मोजावयाचें, असा तो प्रकार होता.

ही उणीव भरून काढण्याचें स्वप्न १८८१ सालीं फ्रॅन्सिस एजवर्थ ह्या अर्थशास्त्रज्ञानें पाहिलें. ज्वरमापकानें ताप कळावा त्याप्रमाणें माणसाच्या क्षणोक्षणींच्या सुखाची उंची नोंदवीत जाईल, असें एक यंत्र त्यानें कल्पनेनें उभें केलें. यंत्र अर्थात् कोणीं बनविलें नाहीं. परंतु ह्याच ग्रंथांत एजवर्थनें आणखी एक गोष्ट सांगितली आहे आणि ती विसरून चालणार नाहीं. सुख भोगण्याची पात्रता सर्वांच्या ठायीं सारखी नसते, असें त्याचें मत होतें. बुद्धीनें व कौशल्यानें श्रेष्ठ असलेल्या वर्गाची ती अधिक, आणि स्त्रियांपेक्षां पुरुषांची अधिक ! बेंथॅमनें प्रत्येकाला एक धरलें होतें. एजवर्थनें तो एक लहानमोठा करून टाकला.

ह्या सर्व खटाटोपाला खरा हादरा दिला तो लंडनच्या लायोनेल रॉबिन्स ह्यांनीं. १९३२ सालच्या ग्रंथांत आणि पुढें १९३८ सालच्या एका छोट्या लेखांत त्यांनीं असें प्रतिपादिलें कीं, एका माणसाचें समाधान दुसऱ्याच्या समाधानाशीं ताडून पाहण्याची शास्त्रीय कसोटीच उपलब्ध नाहीं. त्या लेखांत ते एक गोष्ट सांगतात. ती आपल्याच देशांतली आहे. सर हेन्री मेन ह्यांच्या लिखाणांत ती वाचल्याचें त्यांना स्मरत होतें. हिंदुस्थानांतील एक सरकारी अधिकारी एका उच्चवर्णीय ब्राह्मणाला बेंथॅमची नीति समजावून देत होता. सर्वांचें सुख सारखें धरावयाचें, हें ऐकतांच तो ब्राह्मण म्हणाला, हें बरोबर असणें शक्यच नाहीं. पलीकडच्या त्या अस्पृश्याच्या दसपट सुख भोगण्याची पात्रता माझ्या अंगीं आहे.

रॉबिन्स ह्यांना त्या ब्राह्मणाविषयीं यत्किंचितहि सहानुभूति नव्हती. तरी त्यांना प्रामाणिकपणें कबूल करावें लागलें कीं, मी सर्वांना समान धरतों आणि हा धरीत नाहीं, ह्या आमच्या भांडणाचा निकाल कोणत्याहि प्रयोगानें लागणार नाहीं. समानता हें निरीक्षणांतून निघालेलें अनुमान नसून ती आपण पत्करलेली भूमिका आहे. आपणांस ही गोष्ट ऐकून त्या ब्राह्मणाचा संताप येतो, आणि तो यावाच. पण क्षणभर विचार केला तर एजवर्थसारखा विद्वान् गणिती त्याहून वेगळें असें काय म्हणत होता ? एकानें जातीच्या तोऱ्यानें सांगितलें, दुसऱ्यानें उत्क्रांतीच्या भाषेंत. एवढाच काय तो फरक.

योगायोग पाहा. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्यें रॉबिन्स ज्या वर्षांत विद्यार्थी होते, त्याच १९२० ते १९२३ च्या काळांत डॉ. आंबेडकर त्याच संस्थेंत रुपयाच्या प्रश्नावरील आपला प्रबंध सिद्ध करीत होते. पुढें १९२७ सालीं मार्चच्या २० तारखेस महाडच्या चवदार तळ्यावर त्यांनीं ओंजळभर पाणी प्यालें. तेथें कोणी सुखमापक घेऊन गेलें नव्हतें. त्या ओंजळीला त्याची गरजहि नव्हती. संयुक्त राष्ट्रसंघानें २०१२ सालीं जागतिक सुखदिन म्हणून नेमकी २० मार्च हीच तारीख ठरविली. तिचा महाडशीं कांहीं संबंध नाहीं. परंतु मराठी माणसाला ती तारीख पाहून तळें आठवल्यावांचून राहत नाहीं.

सुखाच्या गणिताकडे आपल्याकडील विचारवंतांचें लक्ष गेलें नव्हतें, असेंहि नाहीं. मंडालेच्या तुरुंगांत १९१० च्या अखेरीपासून १९११ च्या आरंभापर्यंत लिहिलेल्या आणि १९१५ सालीं छापलेल्या गीतारहस्यांत लोकमान्यांनीं बेंथॅम-मिल्ल ह्यांच्या सुखवादाचा परामर्श घेतला आहे. सुखदुःखाच्या विवेचनांत त्यांनीं शोपेनहौर ह्या जर्मन तत्त्वज्ञाचा एक अपूर्णांक वाचकांपुढें ठेवला. अंशस्थानीं माणसाला लाभलेला सुखोपभोग, आणि छेदस्थानीं त्याची सुखाची इच्छा. अंश वाढत गेला तरी छेद जर त्याहून झपाट्यानें वाढला, तर अपूर्णांक लहानच होत जावयाचा. आणि असंतोष हेंच वैभवाचें मूळ आहे, ह्या अर्थाच्या महाभारतांतील वचनाचीहि आठवण लोकमान्यांनीं त्याच विवेचनांत दिली. हा छेद श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा. पुढील अर्धशतकांत राष्ट्रांच्या सुखाविषयीं जो वाद माजला, तो बहुतांशीं ह्या छेदाचाच वाद आहे.

रॉबिन्स ह्यांच्या लेखानंतर अर्थशास्त्रज्ञांनीं सुखाचा विषय जवळजवळ सोडून दिला आणि ते उत्पन्नाचे आंकडे मोजूं लागले. सोडलेला विषय उचलला मानसशास्त्रज्ञांनीं. प्रिन्स्टनचे हॅड्ले कॅंट्रिल ह्यांनीं १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस एक युक्ति काढली आणि १९६५ सालच्या ग्रंथांत तिचे निष्कर्ष मांडले. युक्ति इतकी साधी होती कीं ती आधीं कोणास कशी सुचली नाहीं, ह्याचें आश्चर्य वाटतें. माणसाच्या घरीं जावें आणि त्याला विचारावें : तुझ्या दृष्टीनें उत्तमांत उत्तम आयुष्य कसें असेल तें तुझ्या शब्दांत सांग, मग वाइटांत वाईट कसें असेल तेंहि सांग. तें सर्व लिहून घ्यावें. नंतर त्याच्यापुढें एका शिडीचें चित्र ठेवावें. सर्वांत वरची दहावी पायरी म्हणजे तूं सांगितलेलें उत्तम आयुष्य, तळची शून्यावरची म्हणजे तूं सांगितलेलें वाईट. आज तूं कोणत्या पायरीवर उभा आहेस ?

ह्या युक्तीनें रॉबिन्स ह्यांच्या आक्षेपाला बगल मिळाली, हें मान्य केलें पाहिजे. कॅंट्रिलनीं दोन माणसांचीं सुखें एकमेकांशीं ताडून पाहिलींच नाहींत. त्यांनीं प्रत्येकाला त्याच्याच गजानें मोजलें आणि मग ते आंकडे एका कोष्टकांत मांडले. अमेरिका ६.६, क्यूबा ६.४, ईजिप्त ५.५, पश्चिम जर्मनी ५.३, जपान ५.२, पोलंड ४.४, भारत ३.७, आणि तळाशीं डॉमिनिकन प्रजासत्ताक १.६. अशा चौदा देशांतील मिळून सुमारें वीस हजार माणसांचीं उत्तरें त्यांनीं गोळा केलीं होतीं.

कोष्टकांतील दोन ओळींपाशीं थोडें थांबावयास हवें. क्यूबा हा देश अमेरिकेच्या मानानें दरिद्री. तरी त्याचा आंकडा अमेरिकेच्या खालोखाल कसा? पाहणी १९६० सालची होती आणि क्रांति होऊन वर्षसव्वावर्षच लोटलें होतें. लोकांच्या पायांखालची पायरी फारशी बदलली नसेल, पण शिडी चढतां येते असा विश्वास नवा होता. उलट डॉमिनिकन प्रजासत्ताकांत ट्रुहिल्यो ह्या हुकूमशहाचा १९६१ मध्यें वध झाला होता, आणि १९६२ च्या पाहणीच्या वेळीं देश अस्वस्थ होता. तीस वर्षें ज्यांना तोंड उघडण्याची सोय नव्हती त्यांना कोणी तरी प्रथमच विचारीत होतें, आणि त्यांनीं उत्तर दिलें : दीड पायरी. हा आंकडा दैन्याचा कीं जागृतीचा ? माझ्या मतें तो दोहोंचाहि आहे, आणि केवळ आंकडा पाहून त्यांतील वांटणी करतां येणार नाहीं.

सुदैवानें कॅंट्रिलनीं नुसते आंकडे ठेवले नाहींत, शब्दहि ठेवले. आपल्या देशांतील एका पस्तीस वर्षांच्या निरक्षर शेतमजुराचें उत्तर त्यांत आहे. त्याला मुलगा हवा होता, आणि जमिनीचा तुकडा. कारण तो दुसऱ्याच्या शेतावर राबत होता. स्वतःचें घर बांधावें, दूधतुपासाठीं गाय असावी, बायकोला जरा बरें वस्त्र घेतां यावें, एवढें झालें तर आपण सुखी होऊं, असें त्यानें सांगितलें. त्याच ग्रंथांत एका अमेरिकन प्रयोगशाळा-तंत्रज्ञाचेंहि उत्तर आहे : घर चालेल इतकें उत्पन्न, नवी मोटार, एक होडी, आणि चारहि मुलांना खासगी शाळेंत घालण्याची ऐपत. दोघांच्याहि शिडीला दहाच पायऱ्या आहेत. पण एकीची दहावी पायरी गाईपाशीं संपते आणि दुसरीची होडीपाशीं. लोकमान्यांच्या वाचकाला येथें छेद ओळखूं येईल. पायरीचा आंकडा हा जीवनाचा आंकडा नव्हे. जीवन आणि त्या माणसाच्या मनांतील उत्तम जीवन ह्यांमधील अंतराचा तो आंकडा आहे.

आज जी यादी आपण वाचतों ती ह्याच शिडीवर उभी आहे. २०१२ सालीं निघालेल्या पहिल्या जागतिक सुख-अहवालापासून गॅलप ह्या अमेरिकन संस्थेच्या पाहण्यांतील उत्तरें घेतलीं जातात. बहुतेक देशांत वर्षाला सुमारें हजार माणसें विचारलीं जातात आणि तीन वर्षांची सरासरी काढली जाते. मात्र एक बदल झाला आहे आणि त्याची चर्चा व्हावी तितकी होत नाहीं. आतां माणसाला शिडी दाखवितात, पण तुझें उत्तम आयुष्य कसें तें सांग, हा पहिला प्रश्न विचारीत नाहींत. पायरी नोंदली जाते. शिडीच्या माथ्यावर काय होतें तें त्याच्याजवळच राहतें. ह्या काटछाटीमुळें पाहणी स्वस्त झाली, सुटसुटीत झाली, आणि मला वाटतें तिची निम्मी किंमत गेली.

ह्या आंकड्यांवरून जो मोठा वाद झाला तो सर्वश्रुत असल्यामुळें थोडक्यांत सांगतों. रिचर्ड ईस्टरलिन ह्या अर्थशास्त्रज्ञानें १९७४ सालीं दाखविलें कीं, एकाच देशांतील श्रीमंत हे गरिबांपेक्षां आपणांस अधिक सुखी म्हणवितात. परंतु देशच्या देश श्रीमंत झाला तरी त्याचा आंकडा वाढत नाहीं. अमेरिकेचें उदाहरण त्यानें दिलें, पुढें जपानचेंहि. २००८ मध्यें बेट्सी स्टीव्हन्सन व जस्टिन वुल्फर्स ह्यांनीं अधिक देशांचे आंकडे घेऊन ह्याला हरकत घेतली. त्याच वर्षीं अँगस डीटन ह्यांनीं गॅलपच्या पाहणीवरून दाखविलें कीं, उत्पन्न दुप्पट झालें कीं देश साधारणतः सारखाच टप्पा वर चढतो, मग तो गरीब असो वा संपन्न. ह्या वादांत जपानची गोष्ट मोठी मौजेची निघाली. तेथील जुन्या पाहणींत सर्वांत वरचें उत्तर, अगदीं पूर्ण नसलें तरी एकंदरींत समाधान आहे, अशा बेताचें होतें; १९६४ पासून त्या जागीं पूर्ण समाधान आहे असे शब्द आले. साहजिकच तें उत्तर देणारे एकदम कमी झाले. लोक तेच, त्यांचें आयुष्यहि तेंच; बदलले ते कागदावरचे शब्द. एका भाषेंत हें असें, तर शंभर भाषांत भाषांतरें करून विचारलेल्या प्रश्नाचें काय होत असेल, ह्याची कल्पना श्रोत्यांनींच करावी.

एवढें ऐकून कोणी म्हणेल, मग हा सारा उद्योग व्यर्थच. मला तसें वाटत नाहीं, आणि त्याला कारण ईजिप्तचें आहे. २००५ पासून २०१० पर्यंत ईजिप्तचें दरडोई उत्पन्न वाढत होतें आणि बाहेरच्या अर्थशास्त्रज्ञांचीं प्रशस्तिपत्रें त्या सरकारला मिळत होतीं. त्याच पांच वर्षांत शिडीवर आपणांस वरच्या पायऱ्यांवर उभे समजणाऱ्या ईजिप्शियन लोकांचें प्रमाण निम्म्याहून खालीं घसरलें. १९६० च्या सुमारास ज्या लोकांनीं शिडीवर जर्मनी-जपानच्याहि वरचा आंकडा सांगितला होता, तेच हे लोक. २०११ च्या जानेवारींत कैरोच्या तहरीर चौकांत काय घडलें तें आपण जाणतां. उत्पन्नाच्या आंकड्यांत त्याची चाहूल नव्हती. शिडीच्या आंकड्यांत ती होती. एकाच देशांत, त्याच शब्दांनीं, वर्षामागून वर्ष तोच प्रश्न विचारला, तर त्याच्या चढउतारांत निःसंशय कांहीं तरी खरें सांपडतें. दोन देशांमधील पायऱ्यांचें अंतर हें मात्र तितकें खरें नव्हे, कारण तेथें गजच दोन असतात.

आणि गज कोण घडवितें, हा ह्या विषयांतला सर्वांत कठीण प्रश्न आहे. त्याचें उत्तर मला जितकें स्पष्ट एका जुन्या पाहणींत दिसलें तितकें दुसरीकडे कोठें दिसलें नाहीं. १९४३ सालचा बंगालचा दुष्काळ आपणांपैकीं वडीलधाऱ्यांच्या घरांत ऐकून माहीत असेल. त्याच्या पुढील वर्षीं, १९४४ मध्यें, कलकत्त्याच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजीन अँड पब्लिक हेल्थ ह्या संस्थेनें शहरानजीकच्या सिंगूर भागांत आरोग्याची पाहणी केली. प्रो. अमर्त्य सेन ह्यांनीं आपल्या लिखाणांत ती पुनः पुनः उजेडांत आणली आहे. त्या पाहणींत विधुर पुरुषांपैकीं ४८.५ टक्क्यांनीं आपण आजारी आहों किंवा आपली प्रकृति बेताची आहे असें सांगितलें. विधवांपैकीं असें सांगणाऱ्या होत्या २.५ टक्के. आजाराचा प्रश्न बाजूस ठेवून नुसती प्रकृति बेताची आहे असें किती म्हणतात तें पाहिलें, तर विधुर ४५.६ टक्के निघाले, आणि विधवा ? एकहि नाहीं.

ज्या समाजांत विधवेच्या पानांत काय पडत असे आणि केव्हां पडत असे हें आपणां सर्वांना ठाऊक आहे, त्या समाजांत दुष्काळाच्या दुसऱ्याच वर्षीं एकाहि विधवेला आपली प्रकृति बेताची वाटूं नये ! त्या खोटें बोलल्या नाहींत. त्यांना जें विचारलें त्याचें उत्तर त्यांनीं दिलें. पण आपल्या प्रकृतीनें याहून बरें असावयास हवें, ही कल्पनाच त्यांच्या वांट्याला आली नव्हती. शिडी त्यांच्या हातीं कोणीं दिली असती, तर तिचा माथा त्यांच्या डोक्याच्या फार वर नसता, आणि त्यांची पायरी कदाचित् त्या विधुरांच्या पायरीच्या वर निघाली असती. मग यादी करणाऱ्यानें निष्कर्ष काय काढला असता ? रॉबिन्स ह्यांच्या गोष्टींतला ब्राह्मण त्या अस्पृश्याला कमी पात्रतेचा म्हणत होता. येथें त्याच्याच तर्काचें दुसरें टोंक दिसतें : ज्याला आपण कमी देतों तो समाधानी आहे असें त्याच्याच तोंडून वदवून घेतां येतें.

हें केवळ जुन्या काळाचें दुर्दैव नव्हे. सेन ह्यांनीं २००२ सालीं दाखविलें कीं, भारतांत सर्वांत दीर्घ आयुर्मान असलेल्या केरळांत लोक आजाराच्या तक्रारी सर्वांत अधिक करतात आणि बिहारांत फारच कमी. अमेरिकन लोक तर केरळीयांहूनहि अधिक. शाळा, दवाखाने आणि वर्तमानपत्रें जेथें पोंचलीं तेथें माणसाला आपलें दुखणें दुखणें म्हणून ओळखूं येऊं लागलें. मग आरोग्याचा क्रम तक्रारींवरून लावावा काय ? लावला तर बिहार केरळच्या वर जाईल, आणि अमेरिका तळाशीं.

गजांतील हा फरक काढून टाकण्याची एक तोड २००४ सालीं गॅरी किंग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पुढें मांडली. आपल्या सरकारच्या कारभारांत तुमच्या शब्दाला किती किंमत आहे, असें विचारतां चिनी लोकांनीं मेक्सिकोच्या लोकांपेक्षां अधिक किंमत सांगितली. वास्तविक मेक्सिकोंत नुकतीच, २००० सालीं, मतपेटीच्या बळावर एकाहत्तर वर्षांची सत्ता उलथली होती. मग दोन्ही देशांतील लोकांपुढें त्याच त्या कल्पित माणसांच्या छोट्या हकीकती ठेवल्या आणि ह्या माणसाच्या शब्दाला किती किंमत आहे तें सांगा, असें विचारलें. त्या उत्तरांच्या गजानें पहिलीं उत्तरें दुरुस्त केलीं, तेव्हां क्रम उलटा झाला. युक्ति नामी आहे. तरी सिंगूरच्या विधवेपुढें दुसऱ्या विधवेची हकीकत ठेवली असती, तर तिनें काय सांगितलें असतें, हा विचार मनांतून जात नाहीं.

आतां भूतान. सुखाच्या ह्या जागतिक यादीला राजमान्यता मिळाली ती भूतानमुळें. २०११ सालचा संयुक्त राष्ट्रसंघाचा ठराव त्या देशानेंच मांडला होता. तेथील राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक ह्यांचें एक उत्तर प्रसिद्ध आहे, आणि त्याची सांगितली जाणारी हकीकत आपल्या मुंबईची आहे. १९७९ मध्यें हवानाच्या अलिप्त राष्ट्रांच्या परिषदेहून परततांना मुंबईच्या विमानतळावर एका पत्रकारानें त्यांना राष्ट्रीय उत्पन्नाविषयीं विचारलें, आणि राजे उत्तरले कीं, आम्हांला एकूण राष्ट्रीय उत्पन्नापेक्षां एकूण राष्ट्रीय सुख अधिक मोलाचें वाटतें. २००८ सालच्या घटनेंत हें ध्येय कलमबद्ध झालें. भूतानची मोजणी गॅलपच्या एका प्रश्नासारखी नाहीं. नऊ क्षेत्रें, तेहतीस दर्शकें. मनःस्वास्थ्य, आरोग्य, वेळेचा विनियोग, शिक्षण, संस्कृति, कारभार, शेजारधर्म, निसर्ग आणि राहणीमान. ह्यांपैकीं सहासष्ट टक्के भागांत ज्याची स्थिति पुरेशी आहे तो सुखी. ह्या हिशेबानें २०१० मध्यें ४०.९ टक्के लोक सुखी होते आणि २०२२ मध्यें ४८.१ टक्के. नुसत्या मनाच्या कौलावर विसंबून न राहतां दवाखाना, शाळा व झोपेचे तास ह्यांचीहि विचारपूस करणारी ही पद्धति सिंगूरच्या कोड्यावर बराच उतारा आहे, हें मी मोकळेपणानें मान्य करतों.

पण संस्कृतीच्या क्षेत्रांतील दर्शकांत एक आहे तें द्रिग्लाम नामझा ह्या नांवाचें. तो पोशाखाचा व रीतिरिवाजाचा राष्ट्रीय शिरस्ता. १९८९ सालीं हाच शिरस्ता सर्व प्रजेवर सक्तीचा करण्यांत आला, आणि देशाच्या दक्षिण भागांत राहणाऱ्या नेपाळी भाषिक ल्होत्शाम्पा लोकांशीं राज्याचा झगडा त्यामुळें अधिकच पेटला. १९८५ चा नागरिकत्वाचा कायदा आणि १९८८ ची शिरगणती ह्यांनीं त्यांतील कित्येकांना आधींच परके ठरविलें होतें. १९९० नंतर एक लाखाहून अधिक माणसें, म्हणजे देशाच्या प्रजेचा सुमारें सहावा हिस्सा, घरेंदारें सोडून नेपाळांतील झापा व मोरंग जिल्ह्यांतल्या छावण्यांत आलीं. बेंथॅमच्या सात बाजूंपैकीं शेवटची व्याप्तीची, म्हणजे सुख कितीजणांना पोंचतें ही. भूतानच्या पाहण्या सुरू झाल्या तेव्हां हे लोक मोजण्याच्या कक्षेंतच नव्हते.

छावण्यांत सतरा-अठरा वर्षें काढल्यावर, २००७ पासून त्यांना निरनिराळ्या देशांत वसविण्यास आरंभ झाला. पुढें एक लाख तेरा हजारांहून अधिक माणसें अशीं हललीं, त्यांतील बहुतेक अमेरिकेंत गेलीं. आज त्यांच्यापैकीं कोणाला गॅलपच्या पृच्छकानें तो शिडीचा प्रश्न विचारला, तर त्यानें सांगितलेली पायरी अमेरिकेच्या सरासरींत जमा होते.